नातवाला ‘ए’ श्रेणी मिळते, पण वाचलेले कळत नाही

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावातून, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी लिहिलेल्या पत्राचा हा सारांश: ‘माझा नातू शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. प्रगतिपत्रकात त्याला ‘ए’ श्रेणी असते. दसऱ्याच्या सुट्टीत मी त्याला विज्ञानाच्या पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला सांगितला. तो न अडखळता वाचला, पण त्यात काय म्हटले आहे ते त्याला इंग्रजीत सांगता आले नाही आणि मराठीतही नाही. आत्याला चार ओळींचे पत्र लिहिता आले नाही. पतसंस्थेच्या कर्जावरचे वर्षाचे व्याज काढता आले नाही. नात गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे आणि तिथे पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत. मुलगा मच्छेच्या फौंड्रीत नोकरीला आहे. तो म्हणतो, येत्या जूनमध्ये तिलाही शहरात घालू. सूनबाई सगळा दोष मोबाईलला देतात. आमच्या वेळी सातवीची मुलकी परीक्षा पास झालेला माणूस गावाचा सगळा कागदपत्र वाचत असे. आज असे का झाले? नातीचे काय करावे? या वयात मी काय करू शकतो? आणि शिक्षकांविरुद्ध बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात तक्रार द्यावी का?’

सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

प्रगतिपत्रकावर सही करून मोकळे होणारे पालक पुष्कळ असतात. आपण मुलाला वाचायला लावले आणि वाचलेल्याचा अर्थ विचारला, त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे आपल्या हाती लागले आहे. नातू वाचतो, पण वाचलेले त्याला कळत नाही. पत्र लिहिता न येणे, व्याज काढता न येणे, पुस्तक सोडून मोबाईलकडे वळणे, या आपल्या पत्रातील इतर तक्रारी बहुतांशी याच एका उणिवेतून निघालेल्या आहेत, असे माझे मत आहे. हे उत्तर मी तोच धागा धरून लिहीत आहे.

तत्पूर्वी मुलकीविषयी थोडे. त्या पिढीतला मुलकी पास झालेला माणूस पक्का असे, याबद्दल वाद नाही. परंतु १९६१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण २८.३ टक्के होते. आपल्याबरोबर बिगरीत बसलेल्या मुलांपैकी सातवीपर्यंत किती जण पोचले, हे जरा आठवून पाहावे. ज्यांना अक्षर लागले नाही ते म्हशींमागे गेले, शेतावर गेले, निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत गेले, आणि कोणत्याही निकालात त्यांची मोजदाद झाली नाही. आज ती सगळी मुले वर्गात आहेत. त्यांनी वर्गात असावे हेच योग्य आहे. पण मागच्या पिढीतील निवडक मुलांची तुलना आजच्या सरसकट सर्व मुलांशी केली, तर घसरण प्रत्यक्षात आहे त्याहून मोठी दिसते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

अर्थात एवढ्याने आपली तक्रार खोटी ठरत नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासते व तो अहवाल ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होतो. दुसरीच्या पातळीचा साधा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांवर आले. म्हणजे महामारी येण्याच्या आधीही पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नव्हता. शिवाय ही तपासणी मुख्यतः वाचता येते की नाही एवढेच पाहते. आपला नातू त्या तपासणीत ‘वाचता येणाऱ्यां’मध्येच मोजला गेला असता. अर्थ लागतो का, हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे आणि तो आपण विचारलात.

आता नातवाचा हिशेब वर्षवार मांडून पाहावा. यंदा, २०२५-२६ मध्ये, तो सातवीत आहे, म्हणजे मध्ये वर्ष गेले नसेल तर २०१९ च्या जूनमध्ये तो पहिलीत बसला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याची पहिली जेमतेम संपत होती. दुसरीचे अख्खे वर्ष घरात गेले. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते २५ ऑक्टोबर २०२१ पासून, तेव्हा तिसरीचेही बरेच महिने निघून गेले होते. अक्षरे जुळवून शब्द उच्चारणारे मूल ज्या काळात वाक्याचा अर्थ लावू लागते, परिच्छेद मनात धरू लागते आणि मनात वाचायला शिकते, तो काळ हाच. तो त्याने व्हॉट्सअॅपवर आलेले गृहपाठाचे फोटो वहीत उतरवण्यात घालवला असणार, आणि त्यातलाही काही भाग सूनबाईंनी उतरवून दिला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. घरोघरी तेच चालले होते. सरकारी शाळांत २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ या नावाने मागे राहिलेले शिक्षण भरून काढण्याचा कार्यक्रम राबवला गेला. तो कोठे नीट झाला, कोठे कागदावर राहिला. पण निदान मुलांचे काहीतरी राहून गेले आहे, हे त्यात मान्य केलेले होते. अनेक खासगी शाळांनी मात्र दारे उघडताच त्या-त्या इयत्तेचे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केले. दुसरीत काय राहिले हे कोणी तपासले नाही, आणि चौथी, पाचवी, सहावी ही त्या रिकाम्या जागेवरच चढत गेली.

सीमाभागात या रिकाम्या जागेला माध्यमाचा प्रश्न येऊन मिळतो. शहरातल्या मध्यम फीच्या इंग्रजी शाळेत तास कसा चालतो, हे नातवालाच एकदा विचारून पाहावे. बाईंचे स्वतःचे शिक्षण बहुधा मराठी किंवा कन्नड माध्यमातून झालेले असते. त्या धडा इंग्रजीतून वाचतात, अर्थ दोन वाक्यांत मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगतात आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देतात. मुले ती वहीत उतरवतात. एफए, म्हणजे वर्षाच्या मध्ये होणारी चाचणी, जवळ आली की महत्त्वाच्या प्रश्नांवर खुणा करून दिल्या जातात, घरी आई ते पाठ करून घेते, पेपरात तेच प्रश्न येतात आणि मुलाला ‘ए’ मिळते. वही पूर्ण आहे, सही आहे, श्रेणी आहे. परंतु जूनपासून मार्चपर्यंत मुलाने स्वतःच्या मनाने एक वाक्यही तयार केलेले नाही. बाई लबाडी करतात असे मी म्हणत नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, वेळेत संपवायचा पोर्शन आणि वही भरलेली दिसली पाहिजे हा आपल्यासारख्या पालकांचाच आग्रह, या तिन्हींत सापडलेल्या शिक्षिकेला दुसरा मार्ग सहसा उरत नाही. याचा परिणाम असा की मुलाला ‘फोटोसिंथेसिस’चे स्पेलिंग येते, व्याख्या येते, पण आपल्याच शेतातल्या उसाचे पान उन्हात काय काम करते, हे त्याला सांगता येत नाही.

दुसऱ्या भाषेत बोलण्यापुरती सफाई दोनेक वर्षांत येते, पण त्या भाषेतून विषय समजून घेण्याइतकी ताकद यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे भाषाशिक्षणाचे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे. त्यांनी पाहिलेल्या मुलांच्या भोवती दुकानात, रस्त्यावर, मैदानावर इंग्रजीच होती. आपल्या नातवाच्या भोवती घरी मराठी, व्हॅनमध्ये कन्नड आणि हिंदी, आणि इंग्रजी केवळ फळ्यावर. त्याची विचार करायची भाषा मराठी आहे, पण ती त्याने कधी वाचली-लिहिली नाही. लिहायची भाषा इंग्रजी आहे, पण तिच्यात तो विचार करू शकत नाही. इंग्रजी माध्यम वाईट असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, इंग्रजी बोलणारे कोणी आहे, तिथे ते निभावते. आपल्या घरात ते निभावण्याची सोय आपण केली नाही, आणि मराठी वाचायला शिकवण्याची गरज कोणाला वाटली नाही. यात आपले कुटुंब एकटे नाही. आपल्याकडे कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर अशा गावागावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, मांडव भरून माणसे येतात, आणि व्यासपीठावरून भाषेची थोरवी सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या नातवंडांना त्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका वाचता येत नाही. हे मी कडवटपणाने लिहीत नाही. पण भाषेचा अभिमान आणि भाषेचे वाचन यांत आपण केवढे अंतर पडू दिले आहे, ते यावरून दिसते.

श्रेणी पाहून चिरंजिवांचा विश्वास बसला आहे, म्हणून गुणांविषयीही सांगितले पाहिजे. कर्नाटकात २०२४ च्या दहावीच्या परीक्षेवर वेबकास्टिंगद्वारे नजर ठेवण्यात आली, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० टक्क्यांवर उतरला, आणि तोदेखील ग्रेस गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत वाढवल्यानंतर. एवढा फरक एका वर्षात मुलांच्या बुद्धीत पडत नाही. आधीचे निकाल किती फुगलेले होते ते त्या वर्षी उघडे पडले. चिरंजीव फौंड्रीत आहेत, त्यांना हे लवकर उमजेल: कास्टिंग (ओतीव भाग) वरून कितीही गुळगुळीत दिसले तरी आतले ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, मशीनवर चढवल्यावरच दिसते. आपल्याकडे मूल मशीनवर चढते ते थेट दहावीला. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाला अनेक जण दोष देतात, मला तो अर्धवट वाटतो. नापास करून त्याच वर्गात पुन्हा तीच प्रश्नोत्तरे उतरवायला लावल्याने कोणाला वाचता येऊ लागलेले नाही. पुढे ढकलण्यात चूक नाही. मागचे न शिकवता पुढे ढकलण्यात आहे.

मोबाईलबद्दल सूनबाईंचे म्हणणे अंशतः बरोबर आहे. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी ७६ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्के मुलांनी. मोबाईल वेळ खातो, झोप खातो, हे खरे. परंतु नातवाचे वाचन मोबाईल हाती येण्याच्या आधीच कच्चे राहिले होते, आणि ज्या मुलाला पुस्तकातले काही कळत नाही ते मूल जिथे न वाचता सगळे कळते तिथे जाणारच. रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांचे फोन एका जागी ठेवण्याचा नियम करावा. ‘सर्वांचे’ या शब्दात चिरंजिवांचा आणि आपलाही फोन येतो.

आता नातीकडे वळतो, कारण तिच्या बाबतीत अजून काही बिघडलेले नाही आणि जूनपूर्वी निर्णय घ्यायचा आहे.

माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ च्या निकालात, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे हा निर्णय चिरंजीव व सूनबाई यांनीच घ्यायचा, आणि आपण त्यांना आज्ञा न करता पुरावा दाखवावा. पुरावा म्हणजे अर्ध्या तासाची एक तपासणी. दोन्ही मुलांना वेगवेगळे बसवावे, एकासमोर दुसऱ्याला नको. दुसरीच्या मराठी पुस्तकातील आठ-दहा ओळींची, त्यांनी पूर्वी न वाचलेली गोष्ट द्यावी. ती वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून, काय झाले ते आपल्या शब्दांत सांगायला लावावे, आणि उत्तर थेट गोष्टीत नसलेला एखादा ‘का’ विचारावा. मग ५३ मधून २७ वजा करायला द्यावेत, आणि मोठ्याला ६५९ ला ५ ने भागायला. कोठे अडले ते कागदावर लिहून ठेवावे, ओरडू नये. नातवाला मराठी गोष्ट अक्षरे जुळवत वाचावी लागेल, यात मला फारशी शंका नाही. नात जर गोष्ट वाचून सांगू शकली आणि हातच्याची वजाबाकी करू शकली, तर दोन शिक्षकांच्या त्या शाळेत ती आपल्या भावाच्या तिसरीतल्या अवस्थेपेक्षा पुढे आहे, हे चिरंजिवांना आपण काही न बोलता दिसेल.

तसे असेल तर तिला निदान पाचवी होईपर्यंत हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हणते, आणि युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच हा विचार मांडला होता. चिरंजिवांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स किंवा कॉमर्स घेतले की सगळे इंग्रजीतून येते, आणि मराठी शाळेतून गेलेल्या मुलांची पहिल्या वर्षी दमछाक होते, हे त्यांनी कारखान्यातल्या सहकाऱ्यांच्या घरी पाहिले असेल. त्या भीतीला उत्तर एकच: नातीची इंग्रजी आतापासून विषय म्हणून चांगली करायची. तिच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. रोज पाच वाक्ये ऐकायची, बोलायची, त्यांतली दोन लिहायची; व्याकरणाचे नियम पाठ करायचे नाहीत. ज्या मुलीला एका भाषेत अर्थ लावत वाचण्याची सवय लागली आहे, तिला तीच सवय दुसऱ्या भाषेत नेता येते. जिला ती कोणत्याच भाषेत लागली नाही, तिला न्यायलाच काही नसते.

कन्नडविषयी आपण पत्रात काही लिहिले नाही, पण ते वगळून चालणार नाही. कन्नड भाषा शिक्षणाच्या २०१५ च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलीसमोर देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या येतात. आपल्या भागात यावरून घरोघरी राग असतो आणि त्याची कारणे मला ठाऊक आहेत, तरी नातीच्या अभ्यासात तो राग आणू नये. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तालुका कार्यालयाचे कागद कन्नडमध्ये येतात, राज्य सरकारची नोकरी हवी तर कन्नड लागते. तिन्ही भाषा हव्यात. फक्त मराठीत वाचन पक्के होईपर्यंत इतर दोन भाषांचे लेखन घरी जबरदस्तीने वाढवू नये, बोलण्यावर भर द्यावा. शेजारी कन्नडभाषक घर असेल तर तिथल्या मुलांबरोबरचे खेळणे कोणत्याही शिकवणीपेक्षा जास्त कामाचे आहे.

उलट, तपासणीत नातही अडली, आणि तीन-चार महिने घरी प्रयत्न करूनही हलली नाही, तर शाळा बदलण्याचा विचार जरूर करावा. पण तेव्हा माध्यम बदलण्याआधी शाळा बदलता येते का ते पाहावे. जवळपास बरी अनुदानित मराठी शाळा असेल तर आधी तिथे चौकशी करावी.

नातवाला या टप्प्यावर मराठी माध्यमात परत आणू नये. सातवीत माध्यम बदलले तर तो दोन्हीकडून सुटेल. त्याच्यासाठी आपली रोजची चाळीस मिनिटे हवीत. ट्यूशन मी सुचवत नाही, कारण बहुतेक ट्यूशनमध्ये तीच प्रश्नोत्तरे दुसऱ्यांदा पाठ होतात. आपल्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या ट्यूशनच्या बाईंकडे नाहीत: वेळ आणि सांगण्यासारखे आयुष्य. आपल्या नोकरीतला एक प्रसंग रोज पाच मिनिटे सांगावा, मध्येच थांबावे, आणि पुढे काय झाले असेल ते त्याला लिहायला लावावे. सुरुवातीला तीन वाक्ये पुरेत, शुद्धलेखनाच्या चुका पहिला महिनाभर दाखवू नयेत. वर्तमानपत्रातील क्रिकेटची किंवा गावाकडची बातमी त्याने मोठ्याने वाचावी आणि आजीला सांगावी. आजीला कळली तर त्याला कळली, असे धरावे. तो मराठी अडखळत वाचू लागला की आठ-दहा आठवड्यांत वेग येईल, कारण भाषा त्याच्या कानात आहेच, फक्त डोळ्यांना तिची सवय नाही.

विज्ञानासाठी एक सोपी युक्ती आहे. त्याची शाळा राज्याच्या अभ्यासक्रमाची असेल, तर त्याच इयत्तेचे तेच पुस्तक मराठी माध्यमातही छापलेले असते. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येते, किंवा गावच्या शाळेतील गुरुजींकडून मागता येते. धडा आधी मराठीत वाचायचा, त्यावर बोलायचे, शेतात किंवा स्वयंपाकघरात दाखवता येईल ते दाखवायचे, आणि मग इंग्रजी धडा उघडायचा. भाषांतरित पुस्तकातले मराठी जागोजाग बोजड आहे. तिथे आपण सरळ बोलीत सांगावे. शेवटी त्याने त्या धड्यावर इंग्रजीत स्वतःची दोन वाक्ये लिहावीत, वहीतली नव्हे. पहिली काही वाक्ये मोडकी असतील, ती मोडकीच राहू द्यावीत.

गणितासाठी डेअरीचे कार्ड आणि पतसंस्थेचे पासबुक पुरेसे आहे. दहा दिवसांचे लिटर, फॅटप्रमाणे दर, बिलातून कापलेले पशुखाद्य, उरलेली रक्कम, हा हिशेब त्याने करावा आणि डेअरीच्या बिलाशी ताडून पाहावा. व्याजावर थेट जाऊ नये. त्याचे घोडे बहुधा भागाकारावर किंवा अपूर्णांकावर अडलेले आहे. तपासणीत ते कळेल आणि तिथूनच सुरुवात करावी लागेल, मग ते चौथीचे गणित का असेना. पाढे आपल्याला पाठ असतील, ते दोन्ही नातवंडांना म्हणायला लावावेत. पाठांतराविरुद्ध एवढे लिहिल्यानंतर पाढे पाठ करा म्हणतो याचे आश्चर्य वाटू नये. ज्याचा अर्थ कळला आहे ते पाठ असले की हात चालतो.

शाळेत जाऊन नातवाच्या वर्गशिक्षिकेलाही भेटावे, पण श्रेणीबद्दल वाद घालायला नव्हे. आठवड्यातून एक उत्तर तरी मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या आणि ते चुकले तरी गुण कापू नका, एवढीच विनंती करावी. दोन-चार पालकांनी मिळून ती केल्यास शिक्षिकेलाही मुख्याध्यापकांपुढे आधार मिळतो.

राहिला तक्रारीचा प्रश्न. गावच्या शाळेतील दोन शिक्षकांविरुद्ध तक्रार देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे. म्हणजे पट साठच्या आत असेल तर पाच वर्गांना दोन शिक्षक हे कायद्याला धरूनच आहे, आणि पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसवून शिकवण्याची ‘नली-कली’ पद्धत सरकारनेच आणलेली आहे. त्या दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा सर्वेक्षणाला गेला की काय होते, ते आपण जाणता. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षकांना घरोघरी पाठवले गेले आणि दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली. ते दिवस त्या शिक्षकांनी मागून घेतलेले नव्हते.

म्हणून तक्रारीऐवजी मागणीचा अर्ज द्यावा, आणि तो एकट्याने न देता एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) ठरावासह द्यावा. शाळेत मूल असलेले पालक या समितीवर जाऊ शकतात. सूनबाईंनी पुढच्या वेळी नाव द्यावे. अर्जात भावनेची वाक्ये कमी आणि माहिती जास्त असावी: इयत्तावार पट, मंजूर पदे व रिक्त पदे, अतिथी (तात्पुरते नेमलेले) शिक्षक यंदा कोणत्या तारखेला रुजू झाले, शाळेच्या दिवसांत शिक्षक बाहेरच्या कामासाठी किती दिवस नव्हते. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे असे म्हटले आहे, त्याच्याशी हे दिवस ताडून दाखवावेत. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य बिगर-शैक्षणिक कामाला लावू नये असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते, आणि भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी असे घटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. दोन्हींचा एका ओळीत उल्लेख पुरे. पट साठहून अधिक असेल तर तिसऱ्या शिक्षकाची मागणी ठळकपणे करावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा, सोबत मराठी प्रत जोडावी, आणि बीईओ कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी. एक प्रत शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयात द्यावी. अतिथी शिक्षकांच्या नेमणुका शाळा सुरू होण्याच्या सुमारास ठरतात, तेव्हा हा अर्ज एप्रिलमध्येच गेलेला बरा.